पन्हळीखालची माती

ज्या माणसाने आमचं चर्च बांधलं, त्याची शवपेटी त्या चर्चच्या आत गेली नाही. उत्तरेकडच्या भिंतीला लागून, बाहेर, दोन बाकांवर ठेवली होती. धर्मगुरू पुस्तक घेऊन बाहेर आले आणि वाऱ्याने फडफडणारी पानं एका हाताने दाबून धरत त्यांनी प्रार्थना म्हटल्या. मरणाऱ्याची तशीच इच्छा होती. गावाला ते फार लागलं. अजूनही बेकरीसमोर उभं राहिलं की कोणीतरी विषय काढतंच, की पेरिट वेन्झू भारी मानी माणूस, गावावरचा राग त्याने मेल्यावरही सोडला नाही.

जिभेला काही हाड नसतं. बोलोत बापडे. पेरिट म्हणजे आमच्या बेटावर इमारतींचे आराखडे काढणारा, शिकलेला माणूस. आणि हा पेरिट माझ्या थोरल्या बहिणीचा, जुदित्ताचा नवरा, माझे दाजी. त्यांच्या अंगात राग औषधालाही नव्हता. होतं ते वेगळंच, आणि ते घराबाहेर जाऊ द्यायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. आता दाजी गेले, त्यांच्यामागून जुदित्ता गेली, ज्याच्यापासून ते लपवायचं होतं तो मिकील मेस्त्रीही गेला. मी तेवढी उरले आहे आणि माझेही गुडघे रोज सकाळी वाद घालतात. तेव्हा सांगून टाकते.

दाजींचे वडील खाणीत दगड कापायचे. दाजीही तेच करत राहिले असते, पण लहानपणी एक चिरा घसरून त्यांच्या पायावर आला आणि पाय कायमचा अधू झाला. खाणीत लंगड्या पोराचा काय उपयोग, म्हणून त्याला शाळेत घातलं. मिकील त्यांचा खाणीतला सवंगडी. तो पुढे गावाचा मुख्य गवंडी झाला आणि सगळ्यांसमोर दाजींना म्हणायचा, "माझ्यावर चिरा पडला असता तर आज मी पेरिट असतो आणि तू चुना कालवत बसला असतास." दाजी यावर मनापासून हसायचे. त्यांनाही ते खरंच वाटत असावं.

राजधानीत, व्हॅलेटाला शिकून ते बोटीने परत आले. आता वकिलांचे बंगले बांधतील, पैसा करतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी आयुष्यभर चर्चं बांधली. माळावरची लहान प्रार्थनाघरं, घंटेचे मनोरे, दोन गावांची अख्खी चर्चं. खाणीतून आलेला दगड ते आधी बोटाच्या पेराने ठोकून ऐकायचे, मग चक्क जिभेने चाटून बघायचे. कामावर उभ्याउभ्याच तेलात बुडवलेला पाव आणि टोमॅटो खायचे आणि कोटाच्या खिशात खडूचे तुकडे बाळगायचे. कोणी विचारलं, चर्च म्हणजे नेमकं काय हो पेरिट, तर म्हणायचे, "सगळ्या गावाला एका वेळी सावलीत उभं करायचं, बास." आमच्या घराचं छप्पर गळत होतं म्हणून मापं घ्यायला आले, ते पुन्हा आले, पुन्हा आले. शेवटी आमची आई वैतागून म्हणाली की घर केवढं आणि याची मापं किती. जुदित्ता आतल्या खोलीत लेस विणत होती, तिने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले होते.

लग्नानंतर मूल व्हायला फार वर्षं लागली. झालं तेव्हा ऐन ऑगस्ट होता. दाजी दुसऱ्या गावी परांचीवर होते, मला डॉक्टरला आणायला रबात शहरात पिटाळलं होतं, आणि घरात जुदित्ताजवळ एकटी चेत्ता सुईण होती. मुलगी झाली. एकदा बारीक रडली. जुदित्ताचं रक्त थांबेना, चेत्ताचे दोन्ही हात तिथे गुंतले. ती वळून बघते तो लेकरू गप्प झालं होतं. पाण्याचं भांडं पलंगाशेजारीच होतं. ओंजळभर पाणी डोक्यावर ओतून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायला धर्मगुरू लागत नाही, कोणीही म्हणू शकतं, शेंबडं पोरसुद्धा. पण त्या खोलीत कोणाचा हात मोकळा नव्हता.

बाप्तिस्मा नाही म्हणजे स्मशानभूमीत जागा नाही, घंटा नाही, मिस्सेची प्रार्थना नाही. आमचे धर्मगुरू दुन स्पीर, दुन म्हणजे फादर, तेव्हा तरुण होते. ते आले, डोळे पुसले आणि म्हणाले, नियम मी केलेला नाही. अशा लेकरांसाठी आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्यांची एक जागा होती. जुन्या चर्चच्या उत्तरेच्या भिंतीला, बाहेरच्या अंगाला, जिथे छपराची पन्हळ खाली सुटते तिथे. कोणत्या तरी आजीच्या आजीने ती शोधली असणार. तिचा हिशेब साधा होता, की आत घेत नाहीत तर न घेवोत, पण चर्चच्या छपरावरून वाहत आलेलं पाणी अर्धं तरी पवित्र असेल. ते लेकराच्या अंगावर पडत राहील. तिथे खूण करायची नाही, फूल ठेवायचं नाही, आणि ज्या घरावर वेळ आली त्या घराबाहेर त्या जागेचं नाव काढायचं नाही. बापाने पहाटे जायचं आणि येताना कोणाशी बोलायचं नाही. दाजी तसेच गेले आणि तसेच आले.

जुदित्ता चाळीस दिवसांनी उठली. बाळंतीण उठली की पहिल्यांदा चर्चमध्ये जाऊन आशीर्वाद घेते. मी तिच्यासोबत होते. दारापर्यंत ती नीट चालत आली, आणि तिथून वळून भिंतीच्या कडेकडेने पन्हळीखाली जाऊन उभी राहिली. आत मिस्सा चालली होती, ती तिने भिंतीला पाठ टेकून ऐकली. पुढच्या रविवारी तेच. त्यापुढच्या रविवारी तेच. पावसात पन्हळीचं पाणी तिच्या डोक्यावर पडायचं, ती हलायची नाही. गाव आधी हळहळलं, मग कुजबुजलं, मग वेडी म्हणून मोकळं झालं. दुन स्पीर एकदा समजावायला बाहेर आले, तर ती त्यांना एवढंच म्हणाली, "दुन, लेकराला उंबऱ्याबाहेर ठेवून कुठली आई आत जेवायला बसते?"  ते आत गेले आणि त्या दिवशीचं प्रवचन फार लवकर संपलं.

अशी वर्षं गेली. लढाई आली, संपली. माणसं ऑस्ट्रेलियाला गेली, तिकडून पैसे धाडू लागली, आणि गावाने नवं चर्च बांधायचं ठरवलं. आमच्याकडे जुनं पाडून नवं बांधत नाहीत, कारण मग मधली वर्षं मिस्सा कुठे म्हणायची? जुन्याभोवती नवं उभारत जायचं, वर घुमट चढला की मग आतलं जुनं सोडवून काढायचं. काम अर्थातच दाजींकडे आलं. त्यांनी पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं आणि हिवाळाभर घरात बसून आराखडा काढला.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे सूप घेऊन गेले होते. दाजींनी जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि खडूने टेबलावरच जुन्या चर्चचा लहानसा चौकोन काढला. त्याच्याभोवती मोठं गोल रिंगण काढलं. मग चौकोनाच्या उत्तरेला एका जागी बोट ठेवलं.

"ही पन्हळ," ते म्हणाले.

जुदित्ता टेबलावर वाकली. तिने विचारलं, "आत?"

"आत. भिंतीच्या आत, घुमटाखाली. दोन खांबांच्या मधली जागा आहे. तिथं मी काही ठेवलेलं नाही."

ती उठून चुलीकडे गेली आणि मी आणलेल्या, मीठ घातलेल्या सुपात पुन्हा मूठभर मीठ घातलं. आम्ही तिघांनीही ते मुकाट्याने प्यायलं.

हे कोणाला सांगायचं नाही असं तेव्हाच ठरलं. बिशपच्या कचेरीला कळलं असतं तर त्यांनी जमीन आधी साफ करून मागितली असती. बाप्तिस्मा न झालेली लेकरं वेदीसमोर कशी चालतील? सगळी माती उकरून कुठल्यातरी कुंपणाबाहेर नेऊन टाकली असती. म्हणून दुन स्पीरनी जेव्हा विचारलं की उत्तरेकडे एवढी जागा कशाला, तेव्हा दाजींनी वाऱ्याचं, खडकाचं, काय काय कारण सांगितलं. दाजींना खोटं बोलता येत नसे. पण दगडाविषयी बोलत असले की त्यांचं खोटंही खरं वाटायचं.

आमच्या गावात बांधकामाला एक रीत आहे. रविवारी मिस्सा संपली की जो तो जाताना काहीतरी काम करून जातो. कोणी खाणीच्या गाडीतून चिरा उतरवतो, कोणी माती ओढतो, म्हाताऱ्या माणसांनी निदान एक धोंडा तरी उचलून ठेवायचा. शिवाय वर वाद्यवृंद वाजत असतो. पेरिटने सांगायची वाट कोणी बघत नाही, दिसेल ते काम ओढायचं. जुदित्ता वर्षानुवर्षं कोणात मिसळली नव्हती, ती आता दर रविवारी दगड वाहू लागली, पण फक्त उत्तरेच्या भिंतीसाठी. भिंत तिच्या कमरेपर्यंत आली, खांद्यापर्यंत आली. ती मला घरी येऊन बातमी द्यायची, जसं काही पोर रांगायला लागलं, उभं राहायला लागलं. भिंत डोक्यावर गेली त्या रविवारी ती पन्हळीखाली उभी होती, पाठीमागे जुनं चर्च, समोर नवी भिंत, आणि माझ्याकडे बघून हसली. लेस विणताना तिला गुणगुणायची सवय होती, ती मी विसरूनच गेले होते. त्या उन्हाळ्यात ती परत ऐकू आली.

दाजी तेव्हा किती सुखात होते म्हणून सांगू. म्हातारपणाकडे झुकलेला, लंगडणारा माणूस, पण पोरासारखा शिडीवर चढायचा. मला एकदा म्हणाले, "मी इतकी चर्चं बांधली, पण खरं सांगू का, आत कोण येणार हे ठाऊक असलेलं हे पहिलंच."

आणि मग सेन्याच्या लोकांना घुमट सुचला.

सेन्या म्हणजे खोऱ्यापलीकडचं गाव. त्यांचं आमचं हाडवैर कशावरून हे कोणालाच माहीत नाही, पण ते आम्ही इमानाने पाळतो. त्यांनीही नवं चर्च काढलं होतं आणि घुमट आमच्यापेक्षा उंच नेणार असल्याचं जाहीर केलं. आमच्या संताच्या सणाला येऊन, आमच्याच चौकात उभं राहून, हर्रूबच्या, म्हणजे आमच्या गावच्या लोकांनी डोक्यावर टोपली उपडी घालून घेतली आहे असं गाणं म्हणून गेले. गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाद्यवृंदाच्या खोलीत सभा भरली. दुन स्पीर तोवर चांगले जाडजूड झाले होते, ते अध्यक्ष. सगळ्यांचं एकच म्हणणं, घुमट उंच करा.

दाजींनी सांगितलं, हे खांब पेलणार नाहीत. मग खांब वाढवा, लोक म्हणाले. दाजी म्हणाले, उत्तरेला दोन खांबांत अंतर जास्त आहे, तिथे मधे आणखी एक खांब लागेल, त्यासाठी थेट खडकापर्यंत चर खणावा लागेल. मग खणू की, लोक म्हणाले, खणायला काय झालं? दाजी नाही म्हणाले. कारण विचारलं तर गप्प. कोपऱ्यातून मिकीलने विचारलं, "काय रे, तुझी सासुरवाडी सेन्याला तर नाही ना?" आणि सगळी खोली हसली. मिकीलच्या मनात काही नव्हतं, तो असाच बोलायचा. पण दाजी हसले नाहीत. शेवटी दुन स्पीर म्हणाले की तुला जमत नसेल तर तसं सांग, वेन्झू, व्हॅलेटाहून दुसरा कोणी बोलावता येईल.

तिथून दाजी सरळ घरी आले आणि टोपी न काढता टेबलाशी बसले. मी जुदित्ताला दोरा गुंडाळून देत होते. त्यांनी सगळं सांगितलं. दुसरा पेरिट आला तर तो मजूर लावेल. ते माती उपसून गाडीत भरतील आणि त्यात काय होतं हे बघणारही नाहीत. आणि खरं काय ते सांगावं, तर कचेरी सगळंच उकरून नेईल.

जुदित्ताने हातातला दोरा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे काढावीच लागणार."

"हो."

"मग तू काढ. दुसऱ्याचा हात नको. आणि काढलीस की तिथंच, जवळच, दुसरीकडं ठेव. आतच. आणि मला जागा दाखव. मला जागा माहीत पाहिजे, वेन्झू."

"दाखवीन," दाजी म्हणाले. "मी स्वतः ठेवीन आणि तुला दाखवीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुन स्पीरना होकार कळवला. मिकीलला सांगितलं की मधल्या खांबाचा चर मी स्वतः खणणार, सोमवारी, एकट्याने. त्या जागेला कोणी कुदळ लावायची नाही. मिकीलने का म्हणून विचारलं. दाजी म्हणाले, माझी इच्छा.

जुदित्ताने पांढरं कापड काढलं आणि कडेने लेस विणली. लेकराला त्यात गुंडाळून ठेवायचं होतं. ते कापड बेटाच्या दुसऱ्या टोकाला, मारियामातेच्या ठाण्यावर नेऊन पायाशी लावून आणायचं असं तिच्या मनाने घेतलं. म्हणून रविवारी सकाळीच आम्ही तिघं चालत निघालो. दाजींचा पाय दुखत होता, ते मधे मधे कुंपणाच्या दगडांवर बसायचे आणि ही भिंत कोणी रचली असेल यावर बोलत राहायचे. जुदित्ता कापड छातीशी धरून चालत होती. ठाण्यावर तिने ते मारियेच्या पायाशी ठेवलं आणि काय मागितलं ते मला माहीत नाही. परतीच्या वाटेवर आम्ही अंजिरं खाल्ली. तिने त्या दिवशी लेकराविषयी पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितलं, की तिचे केस ओले होते आणि दाट होते, आणि कान दाजींसारखे.

गावाजवळ आलो तेव्हा वाद्यवृंद ऐकू आला. जुदित्ता म्हणाली, कोणाचं लग्न आहे का आज? दाजींनी कान दिला. ते जरा भरभर चालू लागले.

सगळं गाव कामावर होतं. आम्ही दिसताच पोरं ओरडली, पेरिट आले, पेरिट आले, आणि वाद्यं आणखी जोरात वाजू लागली. मिकील मातीने लाल झालेला, घामाने निथळत पुढे आला. त्याने दाजींच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना जवळजवळ ओढतच आत नेलं. पन्हळीखाली चर खणलेला होता. लांब, रुंद, खाली पांढरा खडक झाडून लख्ख केलेला. कडा तर अशा तासलेल्या की दाजींनी स्वतः तासल्या नसत्या.

झालं होतं ते असं. सभेत दाजींना जे बोललं गेलं ते गावाला मागाहून खात होतं. त्यात पेरिट अधू पायाने एकटा चर खणणार हे मिकीलकडून कळलं. त्यांना वाटलं, हा रुसून स्वतःला शिक्षा करून घेतोय. मग सकाळी मिस्सा झाल्यावर मिकील पायरीवर उभा राहून म्हणाला की आपण काय मेलोय का, आणि बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळे कुदळी फावडी घेऊन धावले. इतकी माणसं त्या चर्चच्या कामावर त्याआधी कधीच आली नव्हती.

"आता तरी हस की लेका," मिकील म्हणाला. "तुझ्यासाठी केलंय. सगळ्यांनी."

दाजी चराकडे बघत होते.  जुदित्ता मागून आली. तिने चरात बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "माती कुठंय?"

"माती? वाया कशाला घालवायची बाई? नवी जमीन भरायचीच होती. पसरली सगळीकडं." मिकीलने हाताने दाखवलं. जुन्या चर्चच्या भोवती, नव्या भिंतीच्या आत, जिकडे बघावं तिकडे लाल माती अंथरलेली होती, एकसारखी. "धुम्मस मारून बसवलीसुद्धा. वर पोरांना नाचायला लावलं. उद्या फरशी टाकलीत तरी चालेल."

लहान लहान हाडं, इतक्या वर्षांची. गोगलगाईच्या शंखांत आणि मुळांच्या तुकड्यांत कोणाला वेगळी दिसणार होती? कोणी काही पाहिलं नव्हतं. दोष कोणाला द्यायचा? मी अजून शोधते आहे.

जुदित्ता जिथे उभी होती तिथेच खाली बघत राहिली. मग तिने एक पाय उचलला आणि तो परत टेकवेना. दाजींच्या बाहीला धरून एका पायावर उभी राहिली आणि म्हणाली, "वेन्झू, मी पाय कुठं ठेवू?"

दाजींनी तिला उचललं. अधू पायाचा तो माणूस, बायकोला लेकरासारखं उचलून, त्या लाल मातीवरून चालत दारापर्यंत गेला. प्रत्येक पावलाला त्यांचा चेहरा असा होत होता की माझ्याच्याने बघवेना. लोकांना वाटलं थट्टा आहे. टाळ्या पडल्या, वाद्यांनी लग्नाची चाल धरली. दुन स्पीर तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. ते पन्हळीकडे बघत होते, मग मातीकडे, जुदित्ताचं उंबऱ्याचं बोलणं आठवलं असावं, आणि त्यांच्या तोंडचा रंग उतरत गेलेला मी पाहिला. त्यांनी हात वर करून वाद्यं थांबवली. कोणाला कारण कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. खुर्चीवर बसून लहान मुलासारखे रडले. दाजींनी त्यांना कॉफी दिली. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मी म्हटलं, गावाला सांगा, चौकात उभं राहून सांगा, कळू दे त्यांना काय केलंय ते. तेव्हा दाजी मला म्हणाले, "नाही. माझ्यासाठी खणलं त्यांनी. मिकीलला कळलं तर तो जगणार नाही. तू कुणाला काही सांगणार नाहीस." मी दातओठ खाल्ले आणि गप्प बसले.

घुमट त्यांनी पुरा केला. सेन्याच्या घुमटापेक्षा उंच झाला. जुनं चर्च सोडवून काढलं, पन्हळ उतरवली, लाल मातीवर फरशी बसली. काम संपेपर्यंत दाजी आत जायचे ते पायातले बूट काढून. लोक म्हणायचे, किती भक्तिभाव. त्यानंतर त्यांनी एकही चर्च बांधलं नाही. बोलावणी येत होती, अगदी व्हॅलेटाहूनसुद्धा. पाण्याची टाकी बांधून देईन, शाळेची पायरी बांधून देईन, म्हणायचे, ते तेवढं सांगू नका. जुदित्ता परत बाहेर उभी राहू लागली, नव्या उत्तरेच्या भिंतीला पाठ टेकून. आता तिथे पन्हळही नव्हती.

चर्च अर्पण करायला बिशप आले, त्या दिवशी पहिल्या रांगेत दाजींसाठी लाल गादीची खुर्ची मांडलेली होती. ती रिकामी राहिली. गावाच्या मनात दाजींविषयीची अढी बसली ती तिथून. आम्ही तिघं बाहेर, भिंतीशी उभे होतो. दाजींनी अंगात लग्नातला काळा कोट घातला होता. आतून गाणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं, आणि बिशपचा एकट्याचा आवाज भिंतीतून दबका येऊ लागला.

दाजी हळूच म्हणाले, "जुदित्ता, आता ते पाणी शिंपडतायत. सगळ्या फरशीवर. कोपरा न् कोपरा. एकही जागा सोडत नाहीत." मग थांबून म्हणाले, "म्हणजे तिच्यावरही पडतंय."

जुदित्ता डोळे मिटून ऐकत होती. "बरं झालं," ती म्हणाली.

मग ती वळली आणि तिने भिंतीला दोन्ही तळवे लावले. "पण मी कुठं बघू? तेवढं सांग मला. कुठं बघू?"

त्या चर्चमधला प्रत्येक दगड कुठल्या खाणीतून आला आणि कशावर टेकला आहे हे माझ्या दाजींना पाठ होतं. त्यांनी हात उचलून भिंतीकडे बोट केलं. ते थोडं डावीकडे नेलं. मग उजवीकडे. मग हात खाली आला. जुदित्ताने तो धरला आणि मिस्सा संपेपर्यंत सोडला नाही.